एक्केचाळिसावं पान

माझ्या भाचीला घरात सगळे वाळवी म्हणतात. हे नाव तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने ठेवलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि घरात छापील म्हणून जे काही येई ते फस्त करत होती. औषधांच्या खोक्यांतली बारीक अक्षरांची घडीपत्रकंसुद्धा तिने सोडली नाहीत. आता ती तेवीस वर्षांची आहे, जीवशास्त्र शिकली आहे, आणि या नावावर तिचा शास्त्रीय आक्षेप आहे. वाळवी म्हणे पुस्तक कडेने, कसंही ओरबाडून खाते. सरळ रेषेत नेटकं भोक पाडत जाते ती कागद पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी. नाव ठेवायचंच तर ते ठेवा, असं तिचं म्हणणं. एवढं लांबलचक नाव घेऊन जेवायला कोण हाक मारणार? म्हणून वाळवी ती वाळवीच राहिली.

मी शहराच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांची बांधणी केली. अडतीस वर्षं. उगाच विनय दाखवायची मला सवय नाही, म्हणून सांगून टाकतो: माझ्या हातची शिलाई आजवर उसवलेली नाही. माझ्या आधीच्या कारागिराच्या वह्या दहा वर्षांत तोंड वासतात, माझ्या नाही. दप्तरखान्याचा एक जुना नियम आहे, बांधणाऱ्याने कुठेही नाव घालायचं नाही. नियम आहे तर आहे. पण प्रत्येक कण्याच्या आत, पुठ्ठ्याखाली, मी एक हिरवा दोरा शिवत आलो. कुणाला दिसत नाही, कुणाला सांगायचा नाही. अगदीच निनावी मरायला माझी तयारी नव्हती, एवढंच.

वाळवी माझ्या टेबलाखाली वाढली असं म्हटलं तरी चालेल. बहीण औषधाच्या दुकानात दुपारपासून संध्याकाळपर्यंत उभी असायची, आणि शाळा सुटली की मुलीला ठेवायला जागा नव्हती. बांधणीची खोली लांबट, खिडक्या उत्तरेकडे, मधोमध टेबल, एका टोकाला दाबाचं यंत्र, दुसऱ्या टोकाला खळीचं पातेलं. टेबलाखाली मी रद्दी पुठ्ठ्यांचा एक कप्पा केला होता, तिथे ती बसायची. आधी चित्रं बघायची, मग अक्षरं. दहाव्या वर्षी तिने मला विचारलं की हे जुनं वळणदार अक्षर तुला वाचता येतं का. मला येत होतं, निम्मंशिम्मं. मी तिला निम्मं शिकवलं आणि पुढचं निम्मं तिने मला शिकवलं. मामाला मामा बनवायची ही पहिली खेप, शेवटची नव्हे.

बाराव्या वर्षी एका जाड ग्रंथाच्या पुठ्ठ्यातून एक पांढरी अळी निघाली. मी अंगठा उचलला होता. तिने माझं मनगट धरलं, अळी खळीच्या रिकाम्या बरणीत घातली, सोबत पुठ्ठ्याचे तुकडे घातले, आणि बरणी घरी नेऊन स्वयंपाकघराच्या फळीवर साखरेच्या डब्याशेजारी ठेवली. बहिणीला कळलं तेव्हा तिने अळी आणि पोर दोघींनाही बरणीसकट घराबाहेर काढायची भाषा केली. पण वार्षिक परीक्षा संपता संपता त्यातून तपकिरी, तांदळाएवढा भुंगेरा बाहेर आला आणि वाळवीने त्याची तारीख, वार, लांबी वहीत लिहून ठेवली. ती वही अजून आहे. ती जीवशास्त्राकडे का गेली असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

पण इतिहास काही सुटला नाही. राजांमध्ये तिला रस नाही. कोण गादीवर बसलं आणि कुणी कुणाला विष घातलं, हे ऐकताना ती सरळ जांभई देते. तिला हवा असतो तीन-चारशे वर्षांपूर्वीचा काळ, आणि त्यातली साधी माणसं: भिंग घासणारा, नकाशा काढणारा, झाडपाल्याची नावं लिहून ठेवणारी बाई, वेशीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारा कारकून. मी एकदा विचारलं, तोच काळ का? ती म्हणाली की त्या माणसांना आपल्याला फार थोडं कळतं हे नुकतंच कळलं होतं, आणि त्याचं त्यांना दुःख झालं नाही, मजा वाटली. मला उत्तर आवडलं. ते मी तिला सांगितलं नाही, आधीच डोक्यावर बसलेली.

तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एका भिंतीला टाचण्यांनी खोवलेल्या भुंगेऱ्यांच्या पेट्या आहेत आणि समोरच्या भिंतीला जुन्या नकाशांच्या नकला. मधे पलंग. पलंगावरच्या चादरीला हातभर काळा डाग आहे, त्याचीही गोष्ट आहे. जुन्या कृतीप्रमाणे शाई करून बघायची म्हणून तिने माजूफळं कुटून भिजवली, त्यात हिराकस नावाचा लोखंडाचा क्षार घातला, आणि पातेलं लवंडलं. बहिणीने ती चादर सहा वेळा धुतली, उकळली, उन्हात टाकली. डाग दरवेळी जास्तच काळा दिसायला लागला. वाळवीने शांतपणे सांगितलं की आई, म्हणूनच तर ते कागद अजून वाचता येतात. वर हेही सांगितलं की माजूफळ हे फळ नव्हेच, एका बारीक माशीने झाडात अंडं घातलं की झाडाला येणारी ती गाठ. म्हणजे जगाचा निम्मा इतिहास किड्याच्या कृपेने लिहिला गेला आणि उरलेला निम्मा किड्याने खाल्ला. बहिणीने ती चादर मुद्दाम पोरीच्याच पलंगावर घातली.

बहिणीची काळजी खरी होती. इतिहासाने पोट भरत नाही, आणि दोन डगरींवर हात ठेवणारा मधल्या मधे पडतो, हे तिने मुलीला हजारदा ऐकवलं. हेच शब्द कॉलेजात तिच्या बाईंनी ऐकवले. या बाई कीटकशास्त्र शिकवतात, गळ्यात कायम भिंग अडकवलेलं असतं, म्हणून मुलं त्यांना भिंगवाल्या बाई म्हणतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी वाळवीने विषय मागितला तो असा: दप्तरखान्यातल्या एका जुन्या वहीतली अळीची भोकं. बाई म्हणाल्या, दोन डगरींवर हात ठेवू नकोस. वाळवी म्हणाली, बाई, ज्याला सहा पाय असतात त्याला दोन डगरी म्हणजे काहीच नाही. बाई हसल्या नाहीत म्हणे. पण विषय दिला. अट एकच घातली, की मोजमाप किड्याचं हवं आणि निष्कर्ष मोजमापातून निघाला पाहिजे, कथेतून नको.

ती वही कोणती, हे मला तिने घरी जेवताना सांगितलं. वेशीची वही.

आता या वहीबद्दल सांगायला हवं. साडेतीनशे वर्षांपूर्वी या शहरात तापाची साथ आली. शहराला तेव्हा तट होता, एकच दरवाजा उघडा ठेवला होता, आणि तिथला कारकून आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद करत होता. सेहेचाळीस पानं उरली आहेत. एकतीस वर्षांपूर्वी छपराच्या गळक्या कोपऱ्यात ती मला सापडली तेव्हा तिचा कणा गळून गेला होता, पानं सुटी झाली होती, आणि अकरा पानांचे वरचे कोपरे, म्हणजे जिथे तारीख असते नेमके तेच, कुजून गेले होते. ती अकरा पानं मजकूर बघून, अंदाजाने लावावी लागली. ती मी लावली. मग नीट धुतली, भोकं पातळ कागदाने बुजवली, कोपरे गेलेल्या पानांना आतल्या कडेला पट्ट्या चिकटवल्या आणि शिवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. पाच महिन्यांनी मी निवृत्त होणार होतो, आणि आमच्या साहेबांनी ठरवलं होतं की त्या दिवशी दप्तरखान्यातल्या उत्तम बांधणीचं छोटंसं प्रदर्शन भरवायचं. काचेच्या पेटीत, मधोमध, वेशीची वही. साहेब नंतर आलेले, ती मी बांधली हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या वहीतली एक बाई शहरात सगळ्यांना माहीत आहे. तटाकडच्या गल्लीतली सुईण. चौदाव्या पानावर, साथ ऐन भरात असताना, कारकुनाने लिहिलं आहे: 'सुईण, गल्ली तटाकडची. बाहेर. सोबत पोरं तीन, तिची नव्हेत.' आणि एक्केचाळिसाव्या पानावर, दरवाजे सताड उघडले, साथ सरली, त्यानंतर: 'सुईण, तीच. आत. एकटी.' साहेबांनी दप्तरखान्याची जी माहितीपुस्तिका लिहिली आहे तिच्यात या बाईवर अर्धं पान आहे. गल्लीतल्या बाळंतिणींना टाकून पळाली, लोकांची पोरं घेऊन गेली, ती कुठे टाकली देव जाणे, आणि सगळं निवळल्यावर निवांत परत आली. शाळांच्या सहली येतात तेव्हा दाखवणारा माणूस तिला 'पळपुटी सुईण' म्हणतो आणि मुलं हमखास हसतात. मीही कितीदा हसलो आहे.

तीन महिने वाळवी रोज दप्तरखान्याच्या वाचनखोलीत बसली. पानाखाली पातळ दिवा सरकवायची, मी बुजवलेली भोकं प्रकाशात फिकट ठिपक्यांसारखी दिसायची, ती त्यांवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक ठिपका गिरवायची आणि व्यास लिहायची. मी जाता-येता बघायचो. मला गंमत वाटायची. अडतीस वर्षांत माझ्या दृष्टीने भोक म्हणजे बुजवायची गोष्ट होती. ते वाचायचं असतं हे माझ्या बापजन्मी मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका बुधवारी सकाळी ती माझ्या खोलीत आली, टेबलावरचा पसारा कोपराने बाजूला केला आणि सेहेचाळीस पारदर्शक कागदांची चळत माझ्यासमोर ठेवली. तिने समजावलं ते मला एका फटक्यात कळलं. अळी बंद वहीत शिरते तेव्हा एका पानातून दुसऱ्या पानात सरळ जाते. शिवाय खात खात ती वाढते, म्हणून भोक पानागणिक थोडं थोडं मोठं होत जातं. मागच्या पानापेक्षा पुढच्या पानावर भोक लहान, असं होत नाही. तिने कागद एकावर एक धरले, आणि पहिल्यापासून तेराव्या-चौदाव्या पानापर्यंत भोकं बोगद्यासारखी जुळत गेली. चौदा आणि पंधराच्या मधे मात्र उडी होती. भोक एकदम मोठं झालं होतं आणि किंचित सरकलंही होतं. आणि तिकडे शेवटी, जिथे आजूबाजूच्या पानांना एकही भोक नाही, तिथे एक्केचाळिसाव्या पानावर दोन पोरकी भोकं. तिने तारखेचा कोपरा गेलेलं ते एक पान चळतीतून ओढलं आणि चौदा-पंधराच्या मधे सरकवलं. बोगदा पुरा झाला.

मी त्या चळतीकडे बघत राहिलो. सुईण बाहेर गेली, तीन पोरं घेऊन. आणि पुढच्याच पानावर, दोनचार दिवसांत, ताप ऐन भरात असताना, एकटी आत आली. पोरं बाहेर पोहोचवून बाई मरणाच्या दारातून परत आत आली होती.

"मामा, ती पळाली नव्हती," वाळवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याची तिला लाजही नव्हती. मग नाक पुसून तिने विचारलं, "ही वही बांधली कुणी?"

आणि मी, अडतीस वर्षांचा कारागीर, ताठ मानेचा, म्हणालो, "जुनी बांधणी आहे." एवढं बोलून मी खळ ढवळायला लागलो. ती कागद गोळा करून गेली.

पुढचे तीन दिवस मी मूग गिळून काढले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं. मला भीती वाटत होती ती साधीच होती: दोन महिन्यांवर आलेला सत्कार, मधोमध ठेवलेली वही, आणि त्या वहीत माझ्या हातची घोडचूक. त्या बाईचं नाव साडेतीनशे वर्षांनी खराब केलं ते माझ्या सुईने. मी स्वतःला समजावलं की पोरीचा प्रकल्प माझ्यावाचून अडत नाही. तेही खोटं निघालं.

अडलं ते असं. बाईंनी कागद तपासले आणि सांगितलं की दोन भोकं योगायोगाने जुळू शकतात. चौदाव्या-पंधराव्या पानांवर भोकं पाच आहेत, या पानावर दोनच दिसतात. बाकीची तीन भोकं पानाच्या आतल्या कडेला असणार, शिलाईच्या पट्टीखाली झाकलेली. ती मोजल्याशिवाय त्या सही करणार नव्हत्या. म्हणजे वही उसवायला हवी. वाळवीने रीतसर अर्ज केला, आणि शनिवारी साहेबांनी आपल्या खोलीत बैठक बोलावली. साहेब, भिंगवाल्या बाई, वाळवी, आणि कारागीर म्हणून मी.

साहेब माणूस वाईट नाही, पण लिहिलेलं मागे घ्यायची वेळ आली की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. त्यांनी अर्ज वाचला, वही पुढे ओढली, तिच्या कण्यावरून हात फिरवला. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ही बांधणी, ते म्हणाले, दप्तरखान्यातली सर्वोत्तम आहे. एवढ्या काळजीने काम करणारा माणूस पान चुकीच्या जागी लावणार नाही. त्याने काहीतरी पुरावा बघूनच लावलं असणार, जो आता आपल्याला दिसत नाही. आणि दोन भोकांसाठी असं काम उसवायला मी परवानगी देणार नाही. बाईंनी मान हलवली. पुरावा नाही तर प्रकल्प नाही, त्यांनी वाळवीला दुसरा विषय घ्यायला सांगितलं. वेळ कमी होता, वर्ष हातचं जाऊ शकत होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

वाळवी काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या वहीकडे बघत शांत बसून राहिली.

माझं कौतुक माझ्या भाचीचा गळा धरत होतं. हे माझ्याने बघवेना. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? मी उठलो.

"साहेब, ही वही मी बांधली," मी म्हणालो. "एक्केचाळिसावं पान मी लावलं. पुरावा काही नव्हता. मला वाटलं, गेलेलं माणूस परत कधी येणार? धोका टळल्यावर. मी असतो तर तेव्हाच आलो असतो. म्हणून ते शेवटी लावलं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी विचारलं की तुम्हाला खात्री आहे का, म्हणजे आठवतं का नीट. मी म्हटलं, आठवतं. पान हातात घेऊन मी खिडकीशी उभा होतो, बाहेर ऊन होतं, आणि मी पाच मिनिटांत निर्णय घेतला होता. हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणतात ते हेच, पण खरं सांगतो, बोलून झाल्यावर मला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. मी साहेबांना हेही सांगितलं की ही वही उसवायला दुसरा कुणी हात लावणार नाही. मी शिवली, मीच उसवणार, आणि पानाचा एक तंतूही दुखावू देणार नाही.

साहेबांनी परवानगी लिहून दिली. कुरकुरत दिली, पण दिली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता, उजेड चांगला होता तेव्हा, मी कणा उघडला. पुठ्ठा सुटला आणि आतला हिरवा दोरा दिसला. बाईंनी भिंग लावून विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, हौस. बाजूला उभी असलेली वाळवी हसली. एकतीस वर्षांपूर्वीची माझी शिलाई मी टाक्याटाक्याने कापली. एक्केचाळिसाव्या पानाची पट्टी ओल्या फडक्याने दमट केली, अर्धा तास थांबलो. खळ असते ती याचसाठी, लावणाऱ्याची चूक पाण्याने सुटावी म्हणून. मग हाडाची पट्टी खाली सरकवली आणि कागद अलगद सुटला.

आतल्या कडेला तीन भोकं होती. मीच बुजवलेली. ती, आणि चौदा-पंधरासकट तिन्ही पानांवरची जुळणारी बाकीची भोकंही, बुजवलेला कागद दमट करून मी मोकळी केली. वाळवीने चौदावं पान खाली ठेवलं, त्यावर एक्केचाळिसावं, त्यावर पंधरावं. रंगाच्या कुंचल्याचा एक ताठ केस चिमट्यात धरून तिने वरच्या भोकात घातला. तो तीनही पानांतून खाली गेला आणि टेबलाला टेकला. पाची ठिकाणी गेला. मग व्यास मोजले. पाची भोकं एक्केचाळिसाव्या पानावर चौदाव्यापेक्षा किंचित मोठी आणि पंधराव्यापेक्षा किंचित लहान. बाईंनी तिला परत मोजायला लावलं. मग स्वतः मोजलं. मग वहीत आकडे लिहिले आणि खाली सही केली.

साहेब तोवर पानावर वाकले होते. त्यांनी ती ओळ हळू आवाजात वाचली. 'सुईण, तीच. आत. एकटी.' त्यानंतर त्यांनी खिशातून आपली माहितीपुस्तिका काढली, त्या अर्ध्या पानावर तिरकी रेघ मारली आणि पुस्तिका परत खिशात ठेवली. माणूस वाईट नाही असं मी आधीच म्हटलं आहे.

सगळे गेल्यावर मी वाळवीला विचारलं की बैठकीत ती गप्प का बसली. वही बांधणारा मीच हे तिला माहीत नव्हतं, तर तिने निदान साहेबांशी भांडायला हवं होतं. एरवी तर उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती म्हणाली, "मला पहिल्या महिन्यातच माहीत होतं. कण्यापाशी हिरव्या दोऱ्याचं टोक दिसतं. मी तुझ्या टेबलाखाली वाढले, मामा."

"मग बोलली का नाहीस? वर्ष गेलं असतं तुझं."

"तू सांगशील हे माहीत होतं," ती म्हणाली. "आणि नसतं सांगितलंस तर दुसरा किडा घेतला असता. किडे काय कमी आहेत?"

मला रडू आलं. आलं तर आलं, साठीला टेकलेल्या माणसाने रडायला कुणाची परवानगी घ्यायची? तिने मला पाणी दिलं आणि माझ्या खळीत गुठळ्या झाल्या आहेत हेही सांगून टाकलं.

तिची तोंडी परीक्षा महिन्याने झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं म्हणे, की हे काम नक्की कुठल्या विषयातलं धरायचं, जीवशास्त्राच्या की इतिहासाच्या. वाळवी म्हणाली की पान खाताना अळीने हा प्रश्न विचारला नव्हता. परीक्षक हसले, भिंगवाल्या बाईही हसल्या, आणि तिला पहिला वर्ग मिळाला. बहिणीने ती बातमी औषधाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसाला सुईणीची गोष्ट ऐकल्याशिवाय बाटली मिळत नव्हती. इतिहासाने पोट भरत नाही हे वाक्य मी त्यानंतर तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. पोरीला आता पुढच्या संशोधनासाठी दोन विभागांनी बोलावलं आहे, आणि दोन्हीकडे होकार कळवून ती मोकळी झाली आहे. त्यांनी काय ते आपसांत ठरवावं, असं तिचं म्हणणं.

वही मी पुन्हा शिवली. निवृत्तीच्या दिवशी ती काचेच्या पेटीत मधोमधच होती, पंधराव्या पानावर उघडलेली. पूर्वीच्या एक्केचाळिसाव्या पानाचा आता हाच आकडा आहे. पेटीतली चिठ्ठी वाळवीने लिहिली होती. सुईणीचं खरं काय झालं ते चार ओळींत, आणि खाली: 'हे पान आधीच्या बांधणीत चुकीच्या जागी लावले गेले होते.' कुणी लावलं, ते तिने लिहिलं नव्हतं. साहेबही म्हणाले, राहू द्या, नियमच आहे.

मी चिठ्ठी पेटीतून बाहेर काढली, खिशातलं पेन उघडलं, आणि त्या ओळीखाली माझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरात. साहेबांनी ती चिठ्ठी तशीच छापून घेतली आणि ती आजही तिथे आहे.

सहली आल्या की मुलं आता सुईणीला हसत नाहीत. दाखवणारा माणूस तिची ओळ वाचतो, मुलं गप्प होतात, मग त्यांची नजर खाली माझ्या नावावर जाते आणि ती मला हसतात. हसू देत. अडतीस वर्षांत दप्तरखान्याच्या भिंतींमध्ये माझं नाव एकदाच छापून आलं, आणि ते त्या बाईच्या पायाशी आलं.